वहीतली गोडाची ओळ

रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी होते. वहीत त्या दिवसाच्या १,१४० कॅलरी लिहून झाल्या होत्या. मर्यादा १,२०० ची होती, म्हणजे अवघ्या ६० शिल्लक होत्या. जेवून दोन तासही झाले नव्हते. पोटात भूक नव्हती, हे मी आजही खात्रीने सांगू शकते. पण वरच्या कप्प्यात डब्यांच्या मागे ठेवलेल्या चॉकलेटखेरीज गेल्या तासाभरात दुसरे काही मनात येत नव्हते. मी एक तुकडा मोडला. तो त्या ६० मध्ये बसत होता. दुसरा बसत नव्हता. दुसरा तोंडात गेला आणि त्याच क्षणी मनाने ठरवून टाकले, की आजचा दिवस तर बुडालाच, मग उरलेले कशासाठी ठेवायचे. शंभर ग्रॅमचे ते चॉकलेट मी उभ्याउभ्या संपवले. शेवटच्या तीन-चार तुकड्यांची चवही मला आठवत नाही.

त्या रात्रीची नोंद मी केली नाही. पुढचे चार दिवसही वही उघडली नाही. ती चार कोरी पाने अजून त्या वहीत आहेत.

कॅलरी मोजायला लागून मला आता तीन वर्षे झाली. या काळात जे थोडेफार कळले त्यात सर्वांत मोलाचे मला हे वाटते, की माझे नुकसान त्या चॉकलेटने फारसे केले नाही. ते त्या चार कोऱ्या पानांनी केले. शंभर ग्रॅम दुधाच्या चॉकलेटमध्ये साधारण ५३० कॅलरी असतात. शरीरातल्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, असा ढोबळ हिशेब लावला जातो. त्या मापाने ते अख्खे चॉकलेट सत्तर ग्रॅम चरबीइतके भरते. आठवड्याभरात सहज भरून निघावी एवढीच ती चूक होती. पण ती लिहायची नाही असे एकदा ठरवल्यावर पुढचे चार दिवस मी काय खाल्ले याचा कोणताच हिशेब राहिला नाही, आणि तो नसल्यामुळे जे खाल्ले ते भरपूर होते. हे का झाले याचा मी पुष्कळ विचार केला, आणि शेवटी एका साध्या गोष्टीपाशी येऊन थांबले: माझ्या वहीत गोडासाठी ओळच नव्हती. भात-भाजीला होती, दुधाला होती, फळाला होती. गोड हे त्या वहीबाहेरचे होते, म्हणून ते खाल्ले की मीही वहीबाहेर जात होते.

आपल्या भाषेत भूक लागते आणि तलफ येते. हा फरक मी आयुष्यभर बोलत आले, पण त्याकडे कधी नीट लक्ष दिले नव्हते. लागलेली गोष्ट भागवावी लागते, तशी भूकही भागवल्याशिवाय राहत नाही. उशीर केला तर ती वाढते, आणि समोर जे साधे जेवण असेल त्याने ती भागते. तलफ मात्र येते, आणि जी येते ती जातेही. तिला साधे जेवण चालत नाही. तिला तेच हवे असते, त्याच चवीचे, त्याच डब्यातले. मनाला गोडाची ओढ लागली की मी आता स्वतःला एकच प्रश्न विचारते: आत्ता कोणी वाफाळता भात आणि भाजी समोर ठेवली तर मी जेवेन का? उत्तर हो असेल तर ती भूक आहे आणि मी सरळ जेवते, कारण भुकेला तलफ समजून दाबणे हा तिच्यावर अन्याय आहे आणि त्याची भरपाई रात्री करावी लागते. उत्तर नाही असेल, तर आलेल्या पाहुण्याला थोडा वेळ बसू द्यायला हरकत नसते.

तलफ येते तेव्हा नेमके काय येते? माझा अनुभव असा, की ते एक चित्र असते. चॉकलेटचा वेष्टनातून बाहेर आलेला कोपरा, तो मोडतानाचा आवाज, जिभेवरचा पहिला क्षण. मन त्या चित्रात रंग भरत जाते आणि जितके भरते तितकी ओढ वाढते. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी याच गोष्टीचा अभ्यास केला आहे. लोकांना तीन मिनिटे टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचण्याचा खेळ, खेळायला दिल्यावर त्यांची तलफ कमी झाल्याचे त्यांना आढळले. कारण उघड आहे: मनाची चित्रे काढण्याची जागा ठोकळ्यांनी व्यापली, की चॉकलेटच्या चित्राला तिथे पुरेशी जागा राहत नाही. एक्सेटर विद्यापीठात नेहमी चॉकलेट खाणाऱ्यांवर असाच एक प्रयोग झाला. पंधरा मिनिटे भरभर चालून आल्यावर त्यांची ओढ कमी झाली होती. हे वाचल्यापासून मी तलफेशी वाद घालणे सोडून दिले. नको, नको, असे मनाशी म्हणत राहिले की तेच चित्र अधिक ठळक होते. उलट हातात दोरा-सुई घेतली, कपाटाचा एक कप्पा लावायला काढला किंवा जिन्यावरून दोनदा खाली-वर केले, की दहा-पंधरा मिनिटांत ते चित्र पुसट होते. नेहमीच होते असे मी म्हणणार नाही. पण दहापैकी सहा-सात वेळा होते, आणि माझ्यासाठी तेवढे खूप आहे.

शरीराला काहीतरी कमी पडत असेल म्हणून ते मागत असेल, असे मला कित्येक वर्षे वाटत असे. चॉकलेटची ओढ म्हणजे मॅग्नेशियमची कमतरता, हे मीही इतरांना सांगितलेले आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने १९९४ साली या समजुतीची एक सुंदर परीक्षा घेतली. चॉकलेटची ओढ लागलेल्या काही जणांना वेगवेगळ्या वेळी चॉकलेट, पांढरे चॉकलेट आणि कोकोची पूड भरलेल्या कॅप्सूल देण्यात आल्या. त्या कॅप्सूलमधून कोकोमधले सगळे घटक पोटात जात होते, फक्त जिभेला त्यांची चव लागत नव्हती. कॅप्सूलने तलफ भागली नाही. पांढऱ्या चॉकलेटने, ज्यात कोकोचे लोणी असते पण कोकोची पूड नसते, ती काही अंशी भागली. म्हणजे मागणी शरीराच्या भांडारातून आलेली नसते; ती जिभेची, नाकाची आणि आठवणीची असते. हे कळल्यावर मला आधी थोडे वाईट वाटले, कारण एक चांगली सबब हातची गेली. मग लक्षात आले, की ही फार दिलासा देणारी गोष्ट आहे. जिभेचीच मागणी असेल तर ती जिभेच्या मापाने भागवता येईल. पोटाच्या मापाने भागवण्याची गरज नाही.

आता त्या रात्रीकडे परत येते. १,२०० हा आकडा मला एका सल्लागाराने दिला होता, आणि त्याच्या जोडीला एक अटही घातली होती: गोड पूर्ण बंद. माझे वय, उंची, दिवसभरातले श्रम यांची चौकशी फारशी झाली नव्हती. मीही निमूटपणे तो आकडा घेतला, कारण कठोर गोष्ट ही खरी असणार असे आपल्याला का कोण जाणे वाटते. पहिले दहा-बारा दिवस वजन भरभर उतरले आणि त्याच दिवसांत मी दुसऱ्यांच्या पाककृती वाचत बसू लागले. मी न खाणार असलेल्या केकचे आयसिंग कसे करतात हे पाहण्यात माझी संध्याकाळ जाऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने निमउपाशी ठेवून उपासमारीचे परिणाम नोंदवले. ते तरुण स्वखुशीने त्यात सामील झाले होते. त्यांच्या नोंदी वाचल्या तेव्हा मला माझ्या त्या संध्याकाळी आठवल्या: ज्यांना स्वयंपाकात कधी रस नव्हता असे त्यांच्यातले काही जण पाककृती जमवू लागले होते आणि अन्नाशिवाय दुसऱ्या विषयावर त्यांचे मन लागत नव्हते. माझे हाल त्यांच्यासारखे नव्हते, तशी तुलना करणे बरोबर होणार नाही. पण खाणे फार कमी केले की मन अन्नाभोवतीच फिरू लागते, हा मनाचा दुबळेपणा नाही, हे मला त्यातून समजले.

आणि तो ‘दिवस बुडालाच’ हा विचार? तोही माझा एकटीचा नव्हता. १९७५ साली मानसशास्त्रज्ञ पीटर हर्मन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने एक प्रयोग केला होता. काही जणींना आधी मिल्कशेक प्यायला दिले आणि मग चव पाहण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम पुढे ठेवले. ज्या एरवी खाण्यावर बंधने घालत नसत, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, जे स्वाभाविक आहे. ज्या सतत स्वतःला आवरत असत, त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर आइस्क्रीम जास्त खाल्ले. बांध एकदा फुटला की मग पाणी किती गेले हे कोणी मोजत नाही. मी तो बांध १,२०० वर बांधला होता आणि त्याला एकही दार ठेवले नव्हते.

चार कोऱ्या पानांनंतर मी एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी वही शांतपणे चाळली आणि कोरी पाने पाहून काही विचारले नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. माझी माहिती घेऊन त्यांनी मर्यादा १,६०० वर नेली. मग विचारले, “तुम्ही दिवसाचा हिशेब कुठून सुरू करता?”

“सकाळच्या चहापासून,” मी म्हटले.

“उद्यापासून गोडापासून करा. आज गोड काय खाणार, किती खाणार, हे सकाळी सर्वांत आधी लिहा. दीडशे कॅलरींच्या आत. मग उरलेल्यात बाकीचा दिवस बसवा.”

मला ते उलटे वाटले. आयुष्यभर गोड हे शेवटी आलेले, नीट वागल्यावर मिळणारे. पण मी तसे केले, आणि पहिल्याच आठवड्यात एक बदल जाणवला, ज्याची मला मुळीच अपेक्षा नव्हती. दुपारी चारला तलफ यायची तेव्हा तिला द्यायला माझ्याकडे उत्तर होते: तुझी जागा धरून ठेवली आहे, रात्री जेवणानंतर. ‘कधीच नाही’ हे उत्तर ऐकून ती जितकी अडून बसत असे, तितकी ‘रात्री’ हे उत्तर ऐकून बसली नाही. मनाला वायद्याची किंमत कळते. अट एवढीच, की तो वायदा खरोखर पाळायचा. रात्री उगीच शहाणपणा करून ते गोड वाचवायचे नाही.

दीडशे कॅलरींत काय येते, हे पाहण्यासाठी मी वजनकाटा घेतला. अन्नाच्या कॅलरीचा हिशेब मुळात सोपा आहे. एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता म्हणजे आपण जिला बोलताना कॅलरी म्हणतो ती किलोकॅलरी. एक ग्रॅम कर्बोदकात किंवा प्रथिनात अशा साधारण ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थात ९ असतात. हे आकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर अॅटवॉटर यांनी कष्टाने बसवले, आणि वेष्टनांवरचे हिशेब आजही मुख्यतः त्यांवरच चालतात. या दोन आकड्यांनी माझे डोळे उघडले. दुधाच्या शंभर ग्रॅम चॉकलेटमध्ये जवळपास ३० ग्रॅम स्निग्धांश असतो, म्हणजे निम्म्या कॅलरी त्याच्याच झाल्या. आपण ज्याला गोड म्हणतो त्यातल्या पुष्कळशा पदार्थांत साखरेइतकेच लोणी-तूप-तेल असते, आणि आकडा फुगतो तो त्यामुळे. नुसत्या साखरेची पाच ग्रॅमची गोळी २० कॅलरींत बसते. तेवढ्याच वजनाच्या लोण्यात सुमारे ३६ असतात. क्रीम भरलेल्या बिस्किटापेक्षा साधे बिस्किट, आयसिंगच्या केकपेक्षा नुसता केक, असे बदल मी पुढे केले ते या हिशेबातून, आणि त्यांत मला गोडी कमी झाल्यासारखी वाटली नाही.

चॉकलेट मात्र मी बदलले नाही. दहा ग्रॅमचा एक तुकडा, कधी दोन. काट्यावर ठेवते, आकडा स्थिर होऊ देते, मग बशीत घेऊन टेबलापाशी बसते. कोकोचे लोणी साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते, आपल्या तोंडाच्या उष्णतेहून किंचित खाली. म्हणून चॉकलेट खोलीत घट्ट राहते आणि जिभेवर ठेवले की आपोआप सुटू लागते. चावायचे नाही, एवढे पथ्य पाळले तर आधी कडा गुळगुळीत होतात, मग मधला भाग मऊ पडतो, कोकोचा कडवटपणा गोडीच्या नंतर, मागून येतो, आणि सगळे संपायला दोन-तीन मिनिटे लागतात. त्या रात्री मी अख्खे चॉकलेट ज्या वेळात संपवले, त्या वेळात आता दोन तुकडेही संपत नाहीत. पहिल्या काही घासांत चव जितकी तीव्र लागते तितकी पुढच्यांत लागत नाही, हे शास्त्रज्ञांनीही तपासलेले आहे आणि कोणत्याही जेवणाऱ्याला ठाऊकही आहे. माझा सगळा आनंद त्या पहिल्या दोन तुकड्यांतच होता. बाकीचे आठ मी कशासाठी खाल्ले, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

ज्या गोडाने आनंद दिला नाही ते मात्र मी निर्दयपणे छाटले. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. चमच्यात ४ ग्रॅम साखर धरली तर ती झाली ३२ ग्रॅम आणि १२८ कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचे रस यांतून येणारी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवावी, जमल्यास ५ टक्क्यांखाली. १,६०० कॅलरींसाठी हे अनुक्रमे ४० आणि २० ग्रॅम होतात. माझ्या वाट्याची बहुतेक साखर चहातच विरघळून जात होती आणि ती गोड म्हणून माझ्या लक्षातही राहत नव्हती. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करत मी एका महिन्यात साखर निम्म्यावर आणली. जिभेला नवी सवय लागायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. सगळ्या चिमट्या-चमच्यांचे असेच असते: डब्याच्या तळाशी राहिलेला बिस्किटांचा चुरा, मुलांच्या बशीतला उरलेला केकचा कोपरा, भांड्याला लागलेले क्रीम. एकदा माझी मुलगी बशी उचलताना म्हणाली, “आई, तो कोपरा लिहिलास का?” मी लिहिला नव्हता. तिने ते सहज विचारले होते, पण त्यानंतर मी उभ्याउभ्या खाल्लेलेही लिहू लागले, आणि लिहायचे आहे म्हटल्यावर त्यातले निम्मे आपोआप खाल्ले जाईनासे झाले.

साखरेच्या जागी घालायच्या कृत्रिम गोडव्याने माझे काम झाले नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही मे २०२३ मध्ये वजन आवरण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये असे सुचवले आहे. झोपेने मात्र झाले. २००४ सालच्या एका छोट्या अभ्यासात बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातले भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढले, तृप्ती सांगणारे लेप्टिन हे संप्रेरक घटले, आणि गोड व चमचमीत पदार्थांची ओढ विशेष वाढली. माझी जुनी वही मी या दृष्टीने पुन्हा चाळली. ज्या रात्री मी उशिरा जागले, त्याच्या दुसऱ्या दिवशी गोडाचा आकडा बहुतेक वेळा दुप्पट होता.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ही वही सर्वांसाठी नाही. ज्यांना मधुमेहाची औषधे चालू आहेत, ज्या गरोदर आहेत किंवा बाळाला पाजत आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हिशेब मांडू नये. आणि ज्यांना आकडा चुकला म्हणून रडू येते, जेवणाची भीती वाटते, खाल्लेले बाहेर काढावेसे वाटते, त्यांनी वही बंद करून आधी कोणाशी तरी बोलावे. त्या चार दिवसांत मीही त्या रस्त्याच्या तोंडाशी उभी होते, असे आता मागे वळून पाहताना वाटते. तेव्हा ते कळले नाही.

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा वाढदिवस होता. सकाळी मी वहीत लिहिले होते: केक, एक तुकडा, २५०. दीडशेपेक्षा तो जास्त होता, म्हणून दुपारच्या चहाबरोबरचे खाणे मी आधीच काढून टाकले होते. संध्याकाळी तिने आपल्या हाताने दुसरा तुकडा माझ्या बशीत ठेवला. “ताई, आज तरी,” एवढेच ती म्हणाली. मी तो खाल्ला, सावकाश, तिच्या शेजारी बसून, आणि दोन्ही तुकड्यांची चव मला अजून आठवते. घरी आल्यावर वही उघडली. २५० वर रेघ मारली आणि शेजारी ५०० लिहिले. बेरीज केली तेव्हा दिवसाचा आकडा १,८७० झाला होता. तो तसाच लिहिला, खाली रेघ ओढली, आणि पान उलटून दुसऱ्या दिवसाची तारीख घातली. तिच्याखाली पहिल्या ओळीत लिहिले: चॉकलेट, १० ग्रॅम.